हात लावायचा नाही

आमच्याकडे आता कुणाच्या डोक्याला मार लागला की लोक आधी रेषा विचारतात. कसा पडला, कुठं पडला, शुद्धीवर आला का, हे सगळं मागाहून. पूर्वी दहावीचा निकाल लागला की शेजारीपाजारी 'किती पडले?' म्हणून विचारायचे, अगदी त्याच सुरात आता 'रेषा किती आली?' म्हणतात. माझी एकेचाळीस आली. शंभरातले एकेचाळीस. 'काठावर का होईना, पास झालीस,' असं म्हणून शेजारणीनं माझं समाधान केलं आणि जाताना डबाभर चिवडा ठेवून गेली.

मी हेमलता सूर्यवंशी. विट्याच्या एका शाळेत मुलींना खो-खो शिकवते. 'शिकवायची' असं कुणी म्हणालं तर मी त्याला तिथल्या तिथं दुरुस्त करते.

दिवाळीच्या आधी मैदानावरून घरी येताना स्कूटरपुढं म्हैस आली. म्हैस शाबूत राहिली. हेल्मेटही शाबूत राहिलं, कारण ते डिकीत होतं. माझ्या डोक्यात उजव्या बाजूला रक्तस्राव झाला आणि शरीराची डावी बाजू गेली. मेंदूचा कारभार उलटा असतो, उजव्या अर्ध्याच्या ताब्यात डावं अंग. शुद्धीवर आले तेव्हा डावा हात पांघरुणावर पडलेला होता आणि तो कुणाचा आहे हे मला कळत नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर मला मिरजेच्या एका पुनर्वसन केंद्रात हलवलं. तिथं ते यंत्र होतं. कंपनीनं ठेवलेलं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळा वॉर्ड त्याला मयसभा म्हणायचा. आधी सायकल. पाय पट्ट्यांनी पायडलला बांधायचे आणि घाम फुटेपर्यंत चालवायची. मग डोक्यावर तारांची टोपी, डोळ्यांवर जाडजूड चष्मा. चष्मा लावला की खोली नाहीशी होऊन समोर बाग यायची. बागेत फुलपाखरं उडायची आणि ती आपण डाव्या हातानं धरायची.

"फुलपाखरं?" मी म्हणाले. "मी काय बालवाडीत आहे?"

माझ्या वाट्याला आलेली फिजिओथेरपिस्ट मिसबाह मुजावर, मिरजेचीच. बोलायला गोड आणि काम करून घ्यायला खाष्ट. तिनं मला सगळं नीट समजावलं.

"मॅडम, मेंदूतल्या गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण शेजारच्या पेशी त्यांचं काम शिकू शकतात. त्यासाठी आधी सायकल. व्यायामानं मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो, नवीन शिकायला जी द्रव्यं लागतात तीही वाढतात. म्हणजे रान भिजलं. आता पेरायचं."

"ही फुलपाखरं पेरायची?"

"तुमची इच्छा पेरायची. हात उचलायचं तुम्ही मनात आणलंत की हात हलायच्या आधी टोपीला ते कळतं. मग चष्म्यातला हात तुमच्या खऱ्या हातापेक्षा थोडा जास्त उचलला जातो. मेंदूला वाटतं, जमलं. ज्या वाटेनं हुकूम गेला ती वाट तो पक्की करतो. तीच वाट पुन्हा पुन्हा तुडवली की पायवाटेची सडक होते."

हे मला लगेच पटलं. सरावानं काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पण पहिला पंधरवडा यंत्र शिकवत नाही, नुसतं पाहतं. मेंदूतून हुकूम किती जोरात निघतो, हात किती हलतो, दोघांचा मेळ किती बसतो. मग देशोदेशीच्या लाखो रुग्णांशी ते ताडून पाहतं आणि एक रेषा काढतं: हा माणूस बरा होऊन होऊन इथवर होईल. ही रेषा चुकत नाही अशी तिची ख्याती. विमा कंपन्या तिच्यावर चालतात, ऑफिसातल्या रजा तिच्यावर ठरतात, आणि नातेवाईक तिच्याकडं बघून आशा धरतात नाहीतर सोडतात. आमच्या आजीच्या काळी याच कामाला पत्रिका होती.

माझ्या एकेचाळीसखाली तीन वाक्यं होती. घरात काठीच्या आधाराने चालता येईल. डावा हात मदतीपुरता वापरता येईल. जमिनीवरून आधाराशिवाय उठणे शक्य नाही.

पहिली दोन मी गिळली. तिसरं घशात अडकलं. अवघड म्हटलं असतं तर चाललं असतं, यांनी थेट शक्य नाही म्हटलं. खो-खोत आठ जणी जमिनीवर उकिडव्या बसतात आणि पाठीवर थाप पडली की बाणासारख्या सुटतात. बसल्या जागेवरून उठणं हाच आमचा खेळ. उभ्या जन्मात मी दुसरं काही शिकवलेलं नाही. आणि टीव्हीएवढं एक खोकं मला सांगतं की शक्य नाही. मी त्याच दिवशी ठरवलं, मैदान, शाळा, बाकी सगळं राहू दे एका बाजूला, मी जमिनीवरून माझी माझी उठणार.

आमचे हे, म्हणजे विलासराव, हायस्कूलला गणित शिकवतात. गरीब स्वभावाचा, शिस्तीचा माणूस. माझा अपघात झाल्यापासून रजा टाकून मिरजेत राहिले होते. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक सत्राला ते माझ्या खुर्चीच्या डाव्या अंगाला उभे असायचे. सगळ्यांचेच कुणी ना कुणी असायचे. कुणाची आई, कुणाचा जावई, कुणाची सासू. आपल्याकडं दुखणेकऱ्याला एकटं सोडायची रीतच नाही, आणि केंद्रानंही ती मोडली नव्हती.

रेषा आली आणि यांनी ती स्वीकारली. रविवारी मला घरी नेलं तर घर ओळखू येईना. न्हाणीत भिंतीला दांडे ठोकलेले. खालच्या गाद्या जाऊन उंच पलंग आलेला. जेवायला टेबल. जमिनीवर बसावं लागेल अशी एकही जागा त्या घरात उरली नव्हती.

"कसं वाटतंय?" यांनी उत्साहानं विचारलं.

"वृद्धाश्रम छान बांधलाय," मी म्हणाले. ते बिचारे पाणी आणायला आत गेले.

त्याच दुपारी शाळेतली मंडळी आली. मुख्याध्यापिका देशिंगकरबाई पुढं, मागं दोन शिक्षक, हातात शाल आणि श्रीफळ. मला आधी वाटलं भेटायला आलेत. बाईंनी घसा खाकरला आणि भाषणच सुरू केलं. माझं योगदान, माझी शिस्त, मी घडवलेल्या मुली. पाचवीच्या पुस्तकातला धडा वाचल्यासारखं चाललं होतं.

"बाई, जरा थांबा," मी म्हणाले. "मी कुठं चाललेय?"

"तसं नाही हो मॅडम. पण आता एकेचाळीस म्हटल्यावर..." त्यांनी यांच्याकडं पाहिलं. "नवीन सर सोमवारपासून यायला लागलेत. मुलींचं नुकसान नको म्हणून. तुमची सोय आपण लायब्ररीत करू की. बसून काम आहे."

"शाल ठेवा, थंडीचे दिवस आहेत. नारळाची चटणी करते. भाषण तेवढं परत घेऊन जा, मी रिटायर झाले की लागेल."

कुणी हसलं नाही. चहा न घेताच मंडळी गेली. हे माझ्यावर चिडले, म्हणजे त्यांच्या मानानं चिडले.

"अगं, असं बोलतं का कुणी? प्रेमानं आले होते ते."

"तेराव्याला पण लोक प्रेमानंच येतात."

मला मनातून रडू आलं. वीस वर्षं ज्या शाळेच्या मैदानाची माती खाल्ली, तिनं एका आकड्यावर मला लायब्ररीत नेऊन ठेवलं होतं. पण मी रडले नाही. रडल्यावर यांनी मला धरून पलंगावर बसवलं असतं, आणि तो पलंग मला बघवत नव्हता.

सोमवारी मी मयसभेत गेले ते दात-ओठ खातच. सायकल अशी मारली की मिसबाहनं दोनदा वेग कमी करायला लावला. आणि मग काही दिवसांतच मला एक गोष्ट खटकायला लागली.

मी खेळाडू आहे. समोरचा मुद्दाम हरतोय हे मला त्याच्या पावलांवरून कळतं. पाहुणी टीम आली, समोरच्या बाई जरा वयस्क असल्या, की आमच्या पोरी दया येऊन हळू पळतात, आणि मी त्यांना मैदानाबाहेर काढते. ती फुलपाखरं तसंच करत होती. माझा हात आदल्या दिवशीपेक्षा वर गेला की फुलपाखरू खाली यायचं. मी झटकन वळले की ते जागच्या जागी घुटमळायचं.

मी चष्मा काढला. "मिसबाह, हे यंत्र मला जिंकू देतंय."

"दहातली आठ तरी मिळावीत असं ते बघतं मॅडम. फार हुकली तर माणूस खचतो. ते सगळीकडंच असतं."

"ते ठीक. पण मी सुधारले तर खेळ अवघड व्हायला पाहिजे. हा सोपा होत चाललाय."

मिसबाहनं स्क्रीनवरचा आकडा पाहिला. "तुम्ही चाळीसला पोचलात. रेषा जवळ आली की ते जोर काढून घेतं. पुढं काही होणार नसतं ना, मग रुग्णाला उगाच दमवायचं कशाला, असं त्याचं गणित आहे."

"रेषेच्या पुढं आजवर कुणी गेलंय?"

"नाही."

"कसं जाईल? पळणाऱ्याचे पाय बांधायचे आणि वर म्हणायचं, बघा, हा पळत नाही म्हणून सांगितलं नव्हतं का!"

मिसबाहच्या तोंडावरून दिसलं की हे तिच्या मनात माझ्या आधी येऊन गेलं होतं.

केंद्राचे प्रमुख डॉ. चौगुले माणूस म्हणून वाईट नव्हते. मी काठी टेकत त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते स्वतः उठून खुर्ची द्यायला आले. मी उभीच राहिले.

"मला पुन्हा मोजा," मी म्हणाले.

"हेमलताबाई, रेषा एकदाच काढतात. इथं अकरा यंत्रं आहेत आणि तीन जिल्ह्यांतले लोक रांगेत आहेत. एकेचाळीसवाल्याला दिलेला महिना मी सत्तरवाल्याचा काढून घेतलेला असतो. तुमच्या जागी माझी बहीण असती तरी मी हेच म्हणालो असतो." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "आणि मन मोठं करून ऐका. आपल्या भागात रेषा कमीच येतात. हेच यंत्र दुसऱ्या राज्यांत सहज पंचावन्न-साठ दाखवतं. आपल्याकडं लोक उशिरा दाखल होतात, आहार यथातथा. कारणं बरीच आहेत."

तो सत्तरवाला माझ्या डोळ्यांपुढं आला. पण मी हलले नाही. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, मोजतो. पण मग नवी येईल तीच धरायची. आत्ता तुमच्या हातात अजून तीन आठवडे आहेत. नवी रेषा खाली आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी. ते तीन आठवडेही जातील. चालेल?"

"चालेल."

संध्याकाळी कँटीनमध्ये यांना हे सांगितलं, तर यांच्या हातातला पाव चहात तसाच विरघळला.

"हेमा, नको."

"का नको?"

"कमी येईल."

"तुम्हाला कसं माहीत?"

यांनी इकडंतिकडं पाहिलं. परीक्षेच्या हॉलमध्ये पोरं पाहतात ना, तसं. "कारण ते एकेचाळीस तुझे नाहीत. त्यातले काही माझे आहेत."

मला काही उमजेना. मग त्यांनी एकेक शब्द तोंडातून ओढून काढल्यासारखं सांगितलं. त्या पहिल्या पंधरवड्यात माझ्या डोळ्यांवर चष्मा असायचा. डाव्या हाताला स्पर्श कळत नव्हता. ते शेजारी उभे राहून खालून माझ्या कोपराला आधार द्यायचे. मी हात उचलायच्या जरा आधीच. मिसबाह स्क्रीनकडं वळली की.

"हलकाच गं. तेवढेच चार गुण जास्त पडतील म्हटलं. तुझा हात नुसता पडून असायचा, बघवायचा नाही. एकटीनं केलं असतंस तर तीस सुद्धा आले नसते. म्हणून सांगतो, आहे ते पदरात पाडून घे. पुन्हा मोजायला गेलीस तर हे पण जाईल."

हा तो माणूस, ज्यानं बोर्डाच्या परीक्षेत सख्ख्या पुतण्याला कॉपी करताना पकडून दिलं. त्यांच्या भावाचं घर अजून आमच्याशी बोलत नाही. त्या माणसानं माझ्यासाठी कॉपी केली होती.

मी चहाचा कप टेबलावर असा आपटला की बशीचे दोन तुकडे झाले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठून लांब जाऊन बसलं. रागाच्या तळाशी भीती होती. खरोखरच मी तीसची असेन तर? हा माणूस खोटं बोलत नाही. त्याला हिशेब कळतो. आणि तो माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता, आणि मला त्याच्या डोक्यावरचे पांढरे केस दिसत होते, जे दसऱ्याला नव्हते. मला त्याचा संताप येत होता आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं, पण जवळ घ्यायला दोन हात लागतात.

सकाळी मी मिसबाहला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, लबाडी झाली आहे, ती कळायला पाहिजे, मग काय व्हायचं ते होऊ दे.

"कोपराला? तुम्ही हात उचलायच्या आधी?" तिनं दोनदा विचारलं. मग माझ्या पहिल्या पंधरवड्याचे आलेख काढले आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

स्क्रीनवर दोन ओळी होत्या. वरची मेंदूतून निघालेल्या हुकुमाची, खालची हाताच्या हालचालीची. खालची ओळ डोंगरासारखी उठत होती आणि वरची झोपलेली होती.

"मॅडम, मेंदू आळशी नाही, पण हिशेबी आहे. काम दुसरं कुणी करतंय असं दिसलं की तो सोडून देतो. सर हात उचलायचे, चष्म्यात तुम्हाला तो उचललेला दिसायचा, मेंदू म्हणायचा, झालं की काम, आता कशाला हुकूम पाठवू? आणि यंत्राला काय दिसलं? हात हलतोय पण हुकूम येत नाही. त्यानं धरलं की हा हात नुसत्या ताठरपणानं उडतोय, वाट पार वाहून गेलीय." तिनं माझ्याकडं पाहिलं. "सरांनी दिलेले गुण मिळालेच नाहीत तुम्हाला. ते वजा झालेत."

मी खुर्चीत बसून राहिले. मिसबाह मात्र माझ्याकडं बघत नव्हती. ती काचेपलीकडच्या हॉलकडं बघत होती. तिथं सकाळची सत्रं चालू होती. एक आई मुलीचं मनगट धरून उभी होती. एक सासरे सुनेच्या पाठीमागं उभे राहून तिच्या खांद्याला हळूच रेटा देत होते. एका बाईनं नवऱ्याची बोटं आपल्या बोटांत घेतली होती. सगळे मायेनं चोरून करत होते.

"आपल्या भागात रेषा कमी येतात," मी म्हणाले.

मिसबाह पळतच डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉ. चौगुल्यांनी आलेख पाहिले, मग काचेपलीकडं पाहिलं, आणि मिसबाहच्या स्टुलावर बसकण मारली. कमी रेषेवर किती माणसं त्यांनी घरी पाठवली असतील, ती ते आठवत होते की काय कोण जाणे. मग म्हणाले, "टेस्ट आजच घेऊ. पण मी खोटी आशा दाखवणार नाही. मेंदू शिकतो तो सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त, आणि ते आठवडे गेले. रेषा वर जाईलच असं नाही."

"अट तीच आहे ना?"

"आता अट कशी घालू?"

"घाला. मला सूट नको आहे. खूप सूट झाली."

हॉल रिकामा केला. बाहेर एकच कल्ला. "एकटीला टाकू व्हय पोरीला? दवाखाना हाय का जेल?" असं एक आजी मिसबाहवर ओरडत होत्या. हे दाराच्या काचेला नाक लावून उभे होते. मी उजव्या हातानं त्यांना लांब व्हायची खूण केली. ते एक पाऊल मागं सरले.

चष्मा लावला. टेस्टमध्ये बाग नसते. काळोख आणि त्यात एक पांढरा ठिपका. ठिपका दिसला की हात तिकडं न्यायचा. इथं हात आहे तेवढाच दिसतो.

पहिला ठिपका आला आणि विझला. माझा हात मांडीवरच होता. दुसरा गेला, तिसरा गेला. चष्म्यातली फुलपाखरं इतके दिवस मला केवढं खोटं सांगत होती ते मला त्या काळोखात कळलं. हात दगड होता. ऊठ, मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. मैदानावर देते तशा शिव्या दिल्या, ज्या मुलींच्या पालकांना आवडत नाहीत. कानशिलाच्या शिरा तटतटल्या. घाम डोळ्यात गेला तो पुसता येईना. कितवा तरी ठिपका आला तेव्हा हात वीतभर उचलला गेला आणि खाली पडला. पण तो वीतभर माझा होता. त्याच्याखाली कुणाची बोटं नव्हती. मला हसू फुटलं आणि पुढचे दोन ठिपके त्या नादात हुकले.

चष्मा काढला तेव्हा मिसबाहचे डोळे भरले होते. "मॅडम, तुमची रेषा..."

"सांगू नका."

"अहो पण..."

"जागा राहिली का, तेवढं बोला."

"राहिली."

"बास."

डॉ. चौगुले चकित झाले. "कळायला नको किती आली ती? इतकं भांडलात त्यासाठी."

"कळली की मी तिथं जाऊन थांबेन. आणि मी नाही थांबले तर तुमचं यंत्र मला थांबवेल. काल एकेचाळीसनं बांधलं होतं, आज दुसऱ्या आकड्यानं बांधायचं? वेग माणसानं हातानं लावायची सोय आहे ना त्यात?"

"आहे," मिसबाह पटकन म्हणाली. "कुणी वापरत नाही."

"हिला लावू द्या. मी पडले, दमले, रडले, तर ती बघेल आणि ठरवेल. ती मला ओळखते. यंत्र लाखोंना ओळखतं, पण मला नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. होकाराची होती की हताशपणाची, ते कळलं नाही, पण मी होकार धरून चालले. त्या दिवसापासून हॉलच्या दारावर नातेवाइकांना बाहेर थांबायची पाटी लागली, आणि घरी पाठवलेल्या लोकांना पुन्हा मोजायला बोलवायचं पत्र डॉक्टरांनी स्वतः बसून लिहिलं, हे मला मिसबाहनं सांगितलं.

बाहेर आले तर हे धावत आले. "किती आले?"

"मला माहीत नाही."

"अगं, असं कसं? मिसबाह, निदान मला तरी..."

"यांना तर अजिबात सांगायचं नाही," मी म्हणाले.

गणिताच्या मास्तरला निकाल न कळणं म्हणजे काय यातना, ते मी पुढचे चार महिने डोळ्यांनी पाहिलं. मिसबाहनं मला फोडून काढलं. तिची फुलपाखरं दया करत नसत, दहातली सहा हुकायची. सायकलवर तर ती अशी घ्यायची की मला माझ्याच मुलींची कीव यायला लागली. डाव्या हातानं मी पेला धरायला लागले, सांडत होता पण धरत होते. काठी दारामागं गेली. आणि एके रविवारी घरी, दुपारची जेवणं झाल्यावर, मी भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली सरकले आणि फरशीवर बसले.

हे स्वयंपाकघरातून धावत आले. "पडलीस?"

"बसलेय. आता उठणार आहे. तुम्ही समोर त्या खुर्चीत बसा. हात लावायचा नाही."

"हेमा, मिसबाहला विचारलंस का?"

"बसा म्हटलं ना."

ते बसले. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना, मग त्यांनी ते स्वतःच्या मांड्यांखाली घातले. मी भिंतीपासून पुढं सरकले, हाताला काही लागणार नाही इतकी. उजवा गुडघा रोवला. डावा तळवा फरशीवर टेकवला आणि त्याच्यावर भार टाकला. कोपर लटपटलं आणि मी तोंडावर आपटले. ओठ फुटला. हे खुर्चीतून अर्धे उठले.

"बसा!"

"रक्त येतंय गं."

"येऊ दे. माझं आहे."

दुसऱ्या वेळी डावा पाय आत घेता आला, पण कुशीवर गेले. खांद्यातून कळ आली ती मस्तकापर्यंत. खालून मला त्यांच्या मांड्यांखाली दाबलेल्या मनगटांच्या टरारलेल्या शिरा दिसत होत्या. माझा इतका जीव या माणसावर कधी नव्हता, आणि त्या क्षणी तो जवळ आला असता तर मी त्याला चावले असते.

"मला बघवत नाही, हेमा," ते म्हणाले.

"मग डोळे मिटा."

त्यांनी डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात बाहेर काढला नाही. मी पुन्हा गुडघा रोवला. डाव्या हाताला हुकूम दिला, तो निघालेला मला आतून जाणवला, खांद्यातून, कोपरातून, तळव्यात. अर्ध्यावर गेले, टाच घसरली, आणि मी अशी पडले की शोकेसमधल्या काचा वाजल्या. त्यांच्या तोंडून हुंदका फुटला. पण ते खुर्चीतून उठले नाहीत.

मी उठले.